बसलेल्या जनावरांसाठी ट्रॉली

अच्युतरावांनी आयटीआयमध्ये चौतीस वर्षं वेल्डिंग शिकवलं. परीक्षेच्या दिवशी ते एकेका मुलाने जोडलेला सांधा व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, धरायचे आणि वरून पाच किलोचा घण हाणायचे. तुटला की नापास; मग तो सांधा दिसायला कितीका देखणा असेना. त्यावरून मुलांनी त्यांचं नाव ‘घणसर’ पाडलं होतं, आणि ते त्यांना मनातून आवडायचं.

घरात मात्र त्यांच्या तोंडातून शब्द फुटायची मारामार. सून शमिका देवासची, जनावरांची डॉक्टर. सकाळी आठला आपली जुनी जीप काढून ती बेटमा, गौतमपुऱ्याकडच्या गावांना जायची, ती दिवेलागणीला परतायची. लग्नाला तीन वर्षं झाली तरी सासऱ्या-सुनेचं संभाषण “आलीस?” आणि “आले बाबा,” याच्या पलीकडे सरकलं नव्हतं. एकमेकांबद्दल तक्रार कसलीच नव्हती, बोलायला विषयच नव्हता.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी शमिका पानावर बसली, पण घास काही तोंडात जाईना. सुलोचनाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दोनदा विचारल्यावर ती बोलली. बेटम्याच्या पुढे एका गावात गाय घसरून पडली होती. मागच्या पायाचा खुबा निखळलेला. महूला जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात पोचली असती तर वाचली असती. पण न्यायला होती विटांची ट्रॉली, छातीएवढी उंच. सहा माणसांनी दोर लावून, फळीवरून खरवडत तिला वर चढवली.

“खड्ड्याखड्ड्याला आपटत गेली, आई. महू यायच्या आधीच संपली. दुखण्याने नाही मेली ती. नेण्याने मेली.”

शमिकाचा नवरा मानस म्हणाला, “अगं, पण तू काय करणार त्यात? टेन्शन नको घेऊ.”

अच्युतराव ताक पिऊन उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी लोहामंडीकडे, लोखंडाच्या बाजारात गेले, तिसऱ्या दिवशीही गेले, आणि चौथ्या दिवशी दुपारी लोकमान्य नगरातल्या त्यांच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एक गंजलेली दोनचाकी ट्रॉली येऊन उभी राहिली. संध्याकाळी शमिकाने जीप लावली आणि ती बघतच राहिली.

“बाबा, हे काय?”

“बसलेलं जनावर किती जागा घेतं?” अच्युतरावांनी विचारलं. “लांबी-रुंदी सांग. खडू आण.”

त्या संध्याकाळी शमिका अंगणातल्या फरशीवर म्हशीसारखी कुशीवर आडवी झाली. इथवर डोकं, इथवर पाय, पाय असे बाहेर येतात, डोकं असं उंच ठेवावं लागतं, नाहीतर पोट फुगून श्वास कोंडतो, असं सांगत गेली, आणि अच्युतराव तिच्याभोवती खडूने रेघा ओढत गेले. शेजारचे रामभाऊ कठड्यावरून डोकावून म्हणाले, “सब ठीक है ना, अच्युतराव?”

मग काम सुरू झालं. जुना सांगाडा कापून अच्युतरावांनी ट्रॉलीचा तळ चाकांच्या मधोमध इतका खाली घेतला की जमिनीपासून जेमतेम वीतभर उरला. मागचं फळकूट असं केलं की ते खाली पाडल्यावर उतार तयार व्हावा. पुढे ओझं दोराने ओढणारा, हाताने फिरवायचा विंच बसवला. पिथमपूरच्या एका कारखान्यात त्यांचा जुना विद्यार्थी होता. त्याच्याकडून कन्व्हेअरच्या जाड रबरी पट्ट्याचा टाकून दिलेला तुकडा मिळाला. जनावराला लोटून पट्ट्यावर घ्यायचं आणि पट्टाच विंचने आत ओढायचा, म्हणजे अंगाला दोर लागायलाच नको. ही कल्पना शमिकाची. मानसने ऑफिस सांभाळून आरटीओत कागद लावले. मापं, नकाशा, परत मापं. दोन महिने ग्राइंडर चालला, आणि रामभाऊंची दुपारची झोप गेली ती गेलीच. जेवणाच्या टेबलावर आता सासरा आणि सून चॅनल, अँगल आणि खुरं याबद्दल इतकं बोलायचे, की सुलोचनाबाई शेवटी म्हणाल्या, “लोखंड आणि शेण सोडून कुणी काही बोलेल का घरात?”

एक गोष्ट मात्र अच्युतराव लपवत होते. वर्षभरापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. कापणं, ठोकणं जमायचं. पण वेल्डिंगचा रॉड धातूच्या अगदी जवळ, न हलवता धरावा लागतो, तिथे हात दगा द्यायचा. ते सकाळी शमिका गेल्यावरच वेल्डिंगला बसायचे. लांबलचक, वेडावाकडा सांधा पडला की ग्राइंडरने पुसून टाकायचे. एका रविवारी ती बाहेर गेली आहे असं समजून ते असंच पुसत बसले होते, तर मागे शमिका उभी.

तिने हाताकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आता ही डॉक्टरकीला लागणार. ती म्हणाली, “बाबा, मला शिकवा ना.”

“तुला? अगं, तू डॉक्टर...”

“टाके घालते की मी. म्हशीच्या कातड्याला टाके घालणं सोपं नसतं. हात बसलेला आहे माझा.”

अच्युतरावांनी क्षणभर विचार केला आणि वेल्डिंगची काच तिच्या हातात दिली.

शिकवायला लागले आणि ते पुन्हा घणसर झाले. “घाई नको. रॉड ढकलू नको, त्याला वितळू दे. आवाज ऐक. कढईत पुरी पडल्यासारखा एकसारखा आला पाहिजे.” पहिल्या दिवशी रॉड सतरा वेळा चिकटला. आठवड्याने तिचा पहिला नीट सांधा पडला. दिसायला सुरेख, टाक्यांसारखा एकसारखा. अच्युतरावांनी तो व्हाइसमध्ये धरून घण घातला. कड्कन तुटला.

“अहो!” सुलोचनाबाई ओट्यावरून ओरडल्या. “पोरीने एवढं मेहनतीने केलं!”

“वरवर चिकटलाय. आत शिरला नाही,” अच्युतराव म्हणाले. आणि मग जरा खालच्या आवाजात, “बारावा दिवस लागतो, शमिका. माझा पण बारावा लागला होता.”

शमिकाचा नववा दिवस लागला. घण घातला, लोखंड वाकलं, सांधा तसाच. अच्युतरावांनी आणखी दोन घातले. मग घण खाली ठेवला आणि म्हणाले, “पास.” त्यानंतर ट्रॉलीचे सगळे मोठे सांधे शमिकाने जोडले. अच्युतराव शेजारी स्टुलावर बसून आवाज ऐकायचे.

डिसेंबरात ट्रॉली तयार झाली. वर लाल रंग, मागे रेडियमच्या पट्ट्या. अच्युतराव तिच्याभोवती फिरून म्हणाले, “हत्ती घातला तरी काही होणार नाही.”

शमिका आत चढली, खाली बसली, तळ हाताने दाबून बघितला. “बाबा, पाच मिनिटं तुम्ही आत झोपा. मी जीप चालवते.”

“मी?”

“म्हशीला विचारता येत नाही ना.”

सुलोचनाबाईंना हे मुळीच पटलं नाही. “माणसाला असं आडवं नेतात होय? शुभ बोला काही!” पण अच्युतराव रबरी पट्ट्यावर आडवे झाले. जीप निघाली. रामभाऊंनी फाटकातून हात जोडले आणि मग लक्षात आल्यावर घाईने सोडले.

कॉलनीचा रस्ता बरा होता तोवर ठीक. पुढे नळासाठी खोदून बुजवलेला पट्टा आला आणि अच्युतरावांच्या पाठीत कुणीतरी घण घातला. मग दुसरा. स्पीडब्रेकरवर ते चक्क उडाले आणि कोपरावर आपटले. परत येईस्तोवर ते उठून बसले होते, चेहरा पडलेला. स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूत त्यांना पाच मिनिटं झोपवत नव्हतं.

शमिका धावत आली. “लागलं का?”

“मजबूत केली,” ते म्हणाले. “फक्त मजबूतच केली. ही कमान बघ.” त्यांनी चाकावरच्या पोलादी पट्ट्यांकडे बोट दाखवलं. “एकावर एक नऊ पट्टे. चार टन विटांसाठी आहेत ते. पाचशे किलोची म्हैस म्हणजे यांना चिमणी बसल्यासारखी. वाकायचेच नाहीत. मला कळायला हवं होतं.”

“मग आता कळलं ना,” शमिका म्हणाली. “माझा पण पहिला सांधा तुटला होता.”

त्या रात्री त्यांनी कोपराला शेक घेतला. सकाळी दोघांनी मिळून कमानी उतरवल्या. नवातले चार पट्टे काढले, पुन्हा झोपून बघितलं, आणखी एक काढला, पुन्हा झोपले. तळाखाली गोठ्यातल्या रबरी चटयांचे दोन थर घातले. चौथ्या फेरीला अच्युतराव बराच वेळ उठले नाहीत, म्हणून शमिका घाबरून मागे आली. ते डोळे मिटून पडले होते.

“बाबा!”

“चांगली आहे,” ते म्हणाले. “आता चांगली आहे.”

पहिला फोन आठवड्याने सकाळी आला. बेटम्याचे देवेंद्र, दूधवाले. त्यांची म्हैस ओल्या सिमेंटवर घसरली होती. मागचे पाय दोन दिशांना गेले, उठता येईना. शमिकाने चप्पल घातली आणि वळून म्हणाली, “बाबा, चलता?” अच्युतराव तोवर जीपमध्ये बसलेही होते.

गोठ्यात म्हैस मान टाकून पडली होती. देवेंद्र तिच्या कपाळावर हात फिरवत होते. “मैडम, वो ईंटों वाली ट्रॉली में मत चढ़ाना इसको. मैं नहीं देख पाऊँगा.”

“नाही चढवायची, भिया. बघा तर खरं,” शमिका म्हणाली.

तिने पाय तपासले, सुई दिली. मग चौघांनी म्हशीला कुशीवर वळवून हलकेच रबरी पट्ट्यावर घेतलं. अच्युतराव विंच फिरवायला बसले. दोनदा हात थरथरला. त्यांनी दुसरा हात त्यावर दाबला आणि फिरवत राहिले. पट्टा सरकला, उतारावर आला, आणि म्हैस पट्ट्यावर जराही न हलता आत गेली. ओरडली नाही. गोठ्याबाहेर जमलेली माणसं बघायला पुढे सरकली. देवेंद्र ट्रॉलीतच पुढे तिच्या डोक्याशी बसले. ती त्यांच्या हाताची होती.

महूपर्यंत शमिकाने जीप कुठेच पळवली नाही. अच्युतराव शेजारी बसले होते, पण मान मागे. प्रत्येक खड्ड्याला त्यांचे दात आवळले जायचे. अर्ध्या वाटेवर शमिकाच्या फोनवर मागून देवेंद्रांचा फोन आला. तिने दचकून जीप बाजूला घेतली.

“क्या हुआ?”

“मैडम,” देवेंद्र म्हणाले, “ये तो जुगाली कर रही है.”

शमिकाने फोन मांडीवर ठेवला. अच्युतराव घाबरले. “काय झालं? काही बिघडलं का?”

“रवंथ करतेय, बाबा.” तिने डोळे पुसले. “दुखत असलं, भीती वाटत असली तर जनावर रवंथ करत नाही. थांबवतं. ही चालत्या गाडीत रवंथ करतेय.”

अच्युतराव खाली उतरले. ट्रॉलीच्या कडेवरून आत बघितलं. म्हैस जबडा एका लयीत हलवत होती, डोळे अर्धे मिटलेले. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. मागून ट्रकवाल्याने हॉर्न दिला तेव्हा परत येऊन बसले आणि म्हणाले, “चल. आहे तशीच चालव.”

महूच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर बाहेर आले ते आधी ट्रॉलीभोवतीच फिरले. खाली वाकून बघितलं. “किसने बनाई?”

“बाबांनी,” शमिका म्हणाली.

“सांधे हिचे आहेत,” अच्युतराव लगेच म्हणाले, आणि डॉक्टरांना मराठी कळतं की नाही या शंकेने हिंदीतही सांगितलं, “वेल्डिंग पूरी बहू की है. ठोककर देख लीजिए.”

डॉक्टर हसले, पण अच्युतराव हसत नव्हते. त्यांनी गाडीतला घण काढून खरंच डॉक्टरांच्या हाती दिला, तेव्हा शमिकाने तो हळूच परत घेतला.

दवाखान्यात म्हशीला पट्ट्यांनी टांगून रोज थोडा वेळ उभं करत होते. पाचव्या दिवशी सासरा आणि सून दोघंही गेले. पट्टे सैल केले. म्हैस पुढच्या पायांवर झोक देऊन थांबली, मागचे पाय लटपटले, आणि मग ती आपल्या बळावर उभी राहिली. देवेंद्र भिंतीकडे तोंड करून रडू लागले. शमिका खाली बसून तिच्या पायांवरून हात फिरवत होती, खुब्यापासून खुरापर्यंत.

अच्युतराव जरा लांबच उभे होते. जनावरांची त्यांना पहिल्यापासून थोडी भीती वाटायची. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हशीने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, मग आणखी एक, आणि आपला थरथरता हात तिच्या पाठीवर ठेवला.