मेढीचा खड्डा

पुष्पाबाई नगरपालिकेच्या पायऱ्या उतरली ती वहाणा आपटतच. मेला तो अर्जुनराव! म्हणे ओव्हरसियर! खुर्चीत रेलून सुपारी कातरत तिला सांगत होता, "बाई, रस्ता नवा हाय. दोन वर्षं खंदाची मनाई. नळासाठी खंदाचं असन त कमिटीची परवानगी लागते."

"रस्ता कोनाचा?"

"नगरपालिकेचा."

"आन् नळ?"

"तोबी नगरपालिकेचाच."

"मंग परवानगी कोनाले मांगून राह्यले जी तुमी? सोताच्या घरात जाताना सोतालेच इचारता काय?"

अर्जुनरावानं सुपारी तोंडात टाकली, संपलं.

दसऱ्याच्या आधी मंत्री येणार म्हणून गल्लीत घाईघाईनं डांबर ओतलं होतं. रोलर फिरला आणि नेमका पुष्पाबाईच्या दारापुढं खालचा नळ फुटला. तेव्हापासून तिथलं डांबर फुगून ओलं राहायचं, अन् घरातल्या तोटीला गटाराचा वास मारणारं गढूळ पाणी यायचं.

त्यात पोरीचं, रुख्मिणीचं लग्न तोंडावर आलेलं. मुलाचे वडील हिंमतराव सुलतानपूरहून बोलणी पक्की करायला आले, तेव्हा त्यांनी पाण्याचा पेला तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. "इहीनबाई," ते गोडच बोलले, "असं पानी पाजसान त वऱ्हाड आजारी पडन. लगन आमच्याच दारात करू."

पुष्पाबाईच्या काळजाला ते झोंबलं. नवरा कडूबा गेल्यावर तिनं डोक्यावर भाजीची पाटी वाहून पोर वाढवली. आता मांडव दुसऱ्याच्या दारात पडणार, अन् गाव म्हणणार, बाईची ऐपतच नव्हती. कोणाच्या पापानं? त्या डांबराच्या!

मांडव आपल्याच दारात घालायचा, असं मनाशी ठरवून ती पुन्हा नगरपालिकेत गेली. या खेपेला अध्यक्ष नारायणराव व्हरांड्यातच भेटले. निवडणूक जवळ आली होती, त्यामुळे तोंडात साखर. तिला बोलूही न देता म्हणाले, "पोरीचं लगन हाय म्हन्ते! मांडव कुठी?"

"दारापुढं. रस्त्यावर."

"घाला, घाला! मेढीच्या खड्ड्याले कधी परवानगी लागली काय?"

पुष्पाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नळासाठी खणायचं नाही, अन् मांडवासाठी खुशाल खणा! पण तिनं जीभ आवरली. "मंग पयली कुदळ तुमीच मारा जी," ती म्हणाली. "पोरीले बाप नाही."

नारायणराव फुलले. मुहूर्ताची मेढ अध्यक्षांच्या हातची, म्हणजे साऱ्या गल्लीची मतं!

मुहूर्ताच्या सकाळी पुष्पाबाईनं हळदीकुंकवाची बोटं नेमकी त्या फुगलेल्या डांबरावर ओढली. वाजंत्री वाजली. नारायणराव पांढऱ्याफेक धोतरात, अर्जुनरावाला मागं घेऊन आले, कुदळीला नमस्कार केला आणि घातला घाव. खालून कुजलेलं डांबर खपलीसारखं उचकटलं. शेजारच्या गड्यांनी पहारीनं दोन ढेकळं काढली, तोच बुळुबुळु काळपट पाणी वर आलं आणि नारायणरावांच्या पायांवरून वाहू लागलं.

"बुजवा! बुजवा आधी!" अर्जुनराव धावला.

"हात लावून पाहा बरं!" पुष्पाबाई अशी कडाडली की वाजंत्री थांबली. "मुहूर्ताचा खड्डा हाय. अध्यक्षाच्या हातचा हाय. बुजवसान त माह्या पोरीले अपशकुन करसान, अन् साऱ्या गल्लीसमोर करसान!"

बायांनी पदर खोचले. अर्जुनराव मागं सरला.

मग पुष्पाबाई घरात गेली, तोटीखाली पेला भरला आणि नारायणरावांच्या हातात दिला. "घ्या जी. पाहुन्याले पानी देल्लंच पाह्यजे."

त्यांनी पेला तोंडाजवळ नेला. वास आला. हात खाली आला, अगदी हिंमतरावांसारखाच.

"काऊन जी? प्या ना! आमी दसऱ्यापासून हेच पिऊन राह्यलो!"

नारायणरावांचं तोंड लालबुंद झालं. "अर्जुनराव, फिटरले बोलवा! आत्ताच्या आत्ता!"

"पन साहेब, कमिटीची परवानगी..."

"चुलीत घाला तुमची परवानगी!"

"हेच पयल्या दिवशी म्हनले असते," पुष्पाबाईचा आवाज फाटला, "त शुभकार्यात मले हे सोंग करा लागलं नसतं!"

नारायणरावांनी पेला पुढं केला. तिनं तो घेतला नाही, दुसऱ्या कोणीही घेतला नाही. फिटर आला, नळ उघडा पडला, नवा तुकडा बसला, तोवर साऱ्या गल्लीदेखत अध्यक्ष तो भरलेला पेला हातात धरून उभे होते.