सरांची तयारी

टूर कंपनीच्या मीटिंगला सहा आठवडे उरले होते, तेव्हा काकूंनी सरांना पहिल्यांदा पासपोर्टचा नंबर पाठ करायला बसवलं.

सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, विषय भूगोल. वाण्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे त्यांना सर म्हणत. त्यांच्या बायकोला मात्र कुणी बाई म्हटलं नाही, ती काकूच राहिली. गेली दोन वर्षं सर विसरायला लागले होते. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग जेवलो की नाही ते, आणि एकदा तर आपलं दार सोडून वरच्या मजल्यावरच्या डेंटिस्टच्या दारात उभं राहून "माझ्या घराचं कुलूप कुणी बदललं?" म्हणून ओरडले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. काकूंनी ते चिठ्ठीवर लिहून घेतलं, चिठ्ठी कपाटात कपड्यांच्या खाली सरकवली आणि त्याच आठवड्यात पंधरा दिवसांच्या, सात देशांच्या टूरचं बुकिंग केलं. डेंटिस्ट आणि त्याची बायको त्याच टूरला जाणार होते. आजाराबद्दल काकूंनी त्यांनाही सांगितलं नाही. कुलपाच्या प्रकरणावर "यांची थट्टा हो" म्हणून पांघरूण घातलं.

फॉर्मवर एक ओळ होती: प्रवाशाला स्वतःचं सगळं स्वतः करता आलं पाहिजे. शंका असेल तर टूर मॅनेजर मीटिंगमध्ये नाव कमी करू शकेल.

लेक दुसऱ्या गावी होती. तिने फोनवर सांगून पाहिलं, "आई, बाबांना नको नेऊस गं. मी येऊन राहते त्यांच्याजवळ, तू एकटी जा."

"ते येणार," काकू म्हणाल्या. "मी तयारी करून घेते."

त्यांना सरांशिवाय जायचंच नव्हतं. सरांनी बघायला हवं होतं. काय बघायला हवं होतं, हे त्या लेकीला सांगू शकल्या नसत्या. बावीस वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांचं एक शिष्टमंडळ परदेशी गेलं होतं. बायकांना नेण्याची मुभा होती. चार जणांनी नेल्या. सर पाहुण्यांसमोर म्हणाले, "हिला कुठे नेऊ? विमानतळावर हरवेल, आणि सापडली तर स्वतःचं नाव सांगता यायचं नाही." पाहुणे हसले. परत आल्यावर सरांनी भिंतीवर पांढरी चादर लावून फोटो दाखवले. काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या राहिल्या, आणि त्यांची सावली चादरीवर पडते म्हणून सरांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

सरांनी कधी हात उचलला नाही. दारूचा थेंब घेतला नाही. चार माणसं जमली की त्यांचा एकच खेळ असायचा. "अगं, सांग बरं, पृथ्वीवर महासागर किती?" काकू सातवी शिकलेल्या. घाबरून कधी तीन म्हणायच्या, कधी सात. मग सर पाहुण्यांकडे वळून भुवया उंचावायचे आणि सगळ्यांना हसू फुटायचं. अडतीस वर्षं.

आता रोज सकाळी नऊ वाजता जेवणाच्या टेबलापाशी वर्ग भरे. काकू खुर्चीत आणि सर समोर उभे.

"नाव?"

सर सांगत.

"पासपोर्ट नंबर?"

अक्षर येई, पहिले तीन आकडे येत, पुढचे गडबडत.

"पुन्हा."

"अगं, चहा दे की आधी."

"नंबर आला की चहा."

कधी चहा साडेनऊला मिळे, कधी साडेअकराला, आणि एक दोनदा मिळालाच नाही. काकूंनी मन घट्ट केलं असं म्हणता येणार नाही, कारण त्यासाठी त्यांना काही करावंच लागलं नाही. बॅग ओढायच्या सरावासाठी त्यांनी बॅगेत सरांचेच जुने नकाशासंग्रह भरले आणि दिवाणखान्यापासून बाल्कनीपर्यंत पन्नास फेऱ्या घालायला लावल्या. सर हाश्शहुश्श करत, मध्येच थांबून विचारत, "आपण शाळा बदलतोय का?"

"चाला."

तिसऱ्या आठवड्यात एकदा प्रश्नांच्या मध्येच सरांची पँट ओली झाली. ते खाली बघत राहिले. काकूंनाही ते दिसलं. "विमान उतरणार ते शहर कोणतं?" त्यांनी विचारलं. सरांचे ओठ हलले. "शहर सांगा, मग बदला कपडे." सर रडायला लागले, लहान मुलासारखे, तोंड उघडं ठेवून. काकूंनी सहा मिनिटं वाट पाहिली. मग सरांनी शहराचं नाव सांगितलं. काकूंनी त्यांना न्हाणीघरात नेलं, गरम पाण्याने पुसलं, पावडर लावली, आणि बाहेर येऊन वहीत त्या दिवसापुढे बरोबरची खूण केली.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी सर पोपटासारखे बोलू लागले. नाव, नंबर, शहर, हॉटेल, रक्तगट, मॅनेजरचा फोन. अर्थ निघून गेला होता, पण शब्द पक्के बसले होते.

मीटिंग कंपनीच्या ऑफिसच्या वरच्या हॉलमध्ये होती. बत्तीस माणसं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकाला एक लाल टोपी आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र. टूर मॅनेजर पस्तिशीची चुणचुणीत बाई होती. तिने सगळ्यांना एकेक करून उभं राहून ओळख करून द्यायला सांगितलं. सरांची पाळी आली तशी काकूंनी हळूच सरांच्या मांडीला बोट टोचलं.

सर उठले. जॅकेट सारखं केलं. आणि काय झालं कुणास ठाऊक, समोर रांगेत बसलेली माणसं बघून त्यांच्यातला मुख्याध्यापक जागा झाला. आवाज भरदार झाला, पाठ ताठ झाली. नाव सांगितलं, नंबर, शहर, हॉटेल, सगळं घडाघडा. वर म्हणाले, "बसमध्ये उशीर करणाऱ्याला मी बाकावर उभा करणार आहे." हॉल खो खो हसला.

"वा सर! तुम्ही तर माझी नोकरीच घालवणार," मॅनेजर म्हणाली. "आणि काकू, तुम्ही? तुमचीही ओळख होऊ द्या."

काकू उठायच्या आत सर बोलले, "ती काय बोलणार? तिला देशाचं नाव विचारा, ती भाजीचं सांगेल."

पुन्हा हशा. डेंटिस्टची बायको हसताना तोंडावर रुमाल धरून बसली.

"थांबा, गंमत बघा." सरांनी काकूंकडे बोट केलं, अगदी पूर्वीसारखं, तर्जनी किंचित वाकवून. "अगं, सांग बरं, आपलं विमान कोणत्या शहरात उतरणार?"

काकू उभ्या राहिल्या. ते नाव त्यांनी सहा आठवड्यांत हजार वेळा उच्चारलं असेल. त्यांनी तोंड उघडलं. बत्तीस टोप्या त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांना नाव आठवेना. पहिलं अक्षरसुद्धा आठवेना.

सरांनी सगळ्यांकडे वळून भुवया उंचावल्या.

मीटिंग संपल्यावर मॅनेजरने काकूंना खिडकीशी बाजूला घेतलं. आवाज मऊ होता. "काकू, राग मानू नका, विचारणं माझं काम आहे. सरांची मला काळजीच नाही, एकदम फिट आहेत. पण तुम्हाला झेपेल ना? हल्ली काही विसरायला वगैरे होतं का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "झेपेल."

रिक्षात बसल्यावर सरांनी त्यांचा हात हातात घेतला. लाल टोपी त्यांच्या कानावर घसरली होती. "कुणाचं लग्न होतं गं?" त्यांनी विचारलं. "माणसं छान होती. खूप हसली."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी वर्ग घेतला नाही. नऊ वाजता सर आपणहून टेबलासमोर येऊन उभे राहिले, त्यांना काकूंनी चहा दिला आणि बाहेरून कुलूप लावून त्या निघाल्या. गावाच्या टोकाला वृद्धांसाठी एक घर होतं, तिथे महिना पंधरा दिवसांसाठीही ठेवून घेत. लेकीला फोन करता आला असता. लेक पहिल्या गाडीने आली असती. पण लेकीने सरांना त्यांच्या घरात, त्यांच्या खुर्चीत, त्यांच्या खिडकीपाशी बसवून सांभाळलं असतं. काकूंनी फोन केला नाही.

तिथल्या मेट्रनने नियम समजावले. काकूंनी आपलं म्हणणं सांगितलं, तशी ती पेन खाली ठेवून बघतच राहिली.

"म्हणजे त्यांना सांगायचं की हे परदेशातलं हॉटेल आहे?"

"त्यांना तेच माहीत आहे. उगाच खरं सांगून त्रास कशाला?"

"आणि सहल कधी, म्हणून विचारलं तर?"

"बस येतेय म्हणा."

निघायच्या दिवशी सरांनी लाल टोपी घातली, ओळखपत्र गळ्यात अडकवलं, नवे चामडी बूट घट्ट बांधून घेतले. टॅक्सीत ते खिडकीला नाक लावून बसले होते. वृद्धांच्या घराच्या काउंटरवर त्यांनी खिशातून जुना, मुदत संपलेला पासपोर्ट काढून पुढे केला आणि नाव, नंबर, शहर, हॉटेल सगळं म्हणून दाखवलं. मेट्रनने पासपोर्ट घेतला. तिला काकूंकडे बघवलं नाही. "वेलकम सर," ती म्हणाली.

खोलीत एक कॉट, एक खुर्ची, एक कपाट. सरांनी पडदा बाजूला करून बाहेरची भिंत पाहिली, नळ सोडून पाहिला, गादी दाबून पाहिली. मग ते कॉटवर बसले आणि काकूंकडे बघून हसले. त्या हसण्यात भुवया नव्हत्या.

"जमवलंस गं तू," ते म्हणाले. "मला वाटलं नव्हतं तुला जमेल."

काकूंनी अडतीस वर्षांत हे वाक्य ऐकलं नव्हतं. त्या दारात थांबल्या. परत फिरावं असं त्यांना वाटलं, खरंच वाटलं, तेवढ्यापुरतं. टॅक्सीवाल्याने खालून हॉर्न दिला.

"मी सामानाचं बघून येते," त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

विमानतळावर त्यांनी सांगितलं की सरांचा पाय मुरगळला, लेक आली आहे. "अरेरे, मजा गेली आपली सगळी," डेंटिस्टची बायको म्हणाली. मॅनेजरने पहिले दोन दिवस काकूंचा दंड धरून त्यांना रस्ता ओलांडायला लावला. तिसऱ्या दिवसापासून तिला त्याची गरज वाटली नाही. काकू सगळ्यांच्या आधी बसमध्ये असत. कोणत्या शहरात काय बघायचं, कुठल्या पुलावरून फोटो चांगला येतो, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पाचव्या दिवशी मेट्रनचा फोन आला. सर जेवत नाहीत, टोपी घालून दाराशी बसून असतात, बस चुकेल म्हणून झोपत नाहीत. एकदा येऊन जाल का? कुणाला तरी पाठवाल का?

काकू तेव्हा एका तळ्याकाठच्या बाकावर बसल्या होत्या. समोर बदकं होती.

"बसला उशीर आहे म्हणून सांगा," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. परतीच्या विमानापर्यंत तो तिथेच राहिला.

पंधरा दिवसांनी त्या विमानतळावरून थेट तिथे गेल्या. सर खुर्चीत होते. गाल आत गेले होते, दाढी वाढली होती, टोपीचा लाल रंग घामाने कडेला पांढरट झाला होता. काकूंना त्यांनी ओळखलं.

"कुठे होतीस? सगळे पुढे गेले."

"आले ना आता."

"किती देश झाले गं?"

"सात."

सरांनी बोटांवर सात मोजून पाहिले. "मला ही खोली तेवढी दिसली," ते म्हणाले.

खोलीत कसला तरी वास होता. काकूंनी खाली पाहिलं. सरांच्या पायात ते चामडी बूट होते.

"काढूच देत नाहीत," दारात उभी राहिलेली आया म्हणाली. "हात लावला की मारतात. बस येईल म्हणतात. तुम्हाला फोन लावला, लागेना."

काकू जमिनीवर बसल्या. नाडीची गाठ कडक होऊन बसली होती, ती त्यांनी दातांनी सोडवली. सरांनी मारलं नाही. डावा बूट निघाला. मोज्याला टाचेपाशी काळपट डाग पडला होता आणि मोजा कातडीला चिकटला होता. काकूंनी हलकेच ओढून पाहिला, तो सुटेना. त्यांनी आयाकडून कोमट पाण्याची बादली मागवली, पाय त्यात धरला आणि मोजा भिजायची वाट बघत बसल्या. मग कडेपासून, बोटभर बोटभर, सोलायला सुरुवात केली. पाणी लाल होत गेलं. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातून आवाज नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून ते ताठ बसले होते आणि काकूंच्या तोंडाकडे बघत होते, आता काय विचारणार म्हणून.