अकरा मिनिटांची ताई

“ती काच एकदा पुसून बघा,” धाकटी टेबलावर पडल्यापडल्या म्हणाली.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरची नजर हलवली नाही. “कुठली काच?”

“मशीनची. मला एकाचे दोन दिसतायत. आमच्या दुकानात असं झालं की आम्ही आधी भिंग पुसतो, मग गिऱ्हाइकाला दोष देतो.”

धाकटीचं चष्म्याचं दुकान होतं. गेली नऊ वर्षं ती अंधाऱ्या खोलीत लोकांच्या नाकावर जड फ्रेम चढवून, एकामागून एक भिंगं बदलत ‘हे स्पष्ट, की हे?’ असं विचारत आली होती. एकाचे दोन दिसण्याची सगळी कारणं तिला तोंडपाठ होती. समोर खरोखरच दोन असतात, हे कारण आजवर कधी निघालं नव्हतं.

“मशीन मागच्याच महिन्यात आलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हातातलं यंत्र त्यांनी पोटावरून जरासं डावीकडे सरकवलं. “हा एक. हे लुकलुकतंय ते त्याचं हृदय. आणि हा दुसरा. त्याचंही छान चाललंय.”

कोपऱ्यातल्या स्टुलावर नवरा बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दार उघडलं की आत माणसं किती हे आधी पाहायचं, ही त्याची सवय.

“म्हणजे एकूण?” त्यानं विचारलं.

“एकूण दोन.”

“आम्हाला धरून?”

“तुम्हाला धरून चार,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी आजवर बरेच बाप पाहिले असावेत.

“चार,” नवरा म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही हसू पसरलं, की धाकटीला त्याला चिमटा काढावासा वाटला. पण हात पोचत नव्हता.

“दोघं एकाच वारेवर आहेत. दिसायला अगदी सारखी होणार,” डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पुढे ओढला. “घरात कुणी जुळं आहे?”

धाकटीनं छताकडे पाहिलं. “आहे.”

“कोण?”

“मी.” मग नाइलाजानं तिनं दुरुस्ती केली. “आम्ही.”

“तसा याच्याशी त्याचा काही संबंध नसतो,” डॉक्टरीणबाई लिहितालिहिता म्हणाल्या. “फॉर्मवर रकाना आहे म्हणून विचारलं.”

काही संबंध नसेलही. धाकटीच्या आयुष्यात मात्र त्या रकान्याशी संबंध नसलेली एकही गोष्ट नव्हती. ताई तिच्यापेक्षा अकरा मिनिटांनी मोठी. बोलायला लागल्यापासून तिनं या अकरा मिनिटांच्या मोठीला ताई म्हणायचं असा आईचा कायदा होता, आणि चौतीस वर्षं तो पाळला गेला होता. फ्रॉक एकाच ताग्यातले. केक एकच, त्यावर ताईचं नाव ऐसपैस आणि खाली उरलेल्या जागेत धाकटीचं, कोंबून बसवलेलं. तान्हेपणीच्या फोटोत कोण कुठली हे आईलाही धड सांगता येत नसे; एकदा डावीकडची ताई असायची, एकदा उजवीकडची, पण ती नेहमी ‘जी शहाण्यासारखी बसलीय ती’ असायची. शाळेत बाई हजेरी घेताना दोघींना एका दमात बोलावत. नवराही पहिल्यांदा दुकानातून चष्मा घेऊन गेला आणि चार दिवसांनी परत आला, तो काउंटरपाशी सहज बसलेल्या ताईशी दहा मिनिटं लाजत लाजत बोलला. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि पाच वाजता या म्हणून सांगितलं. त्या दिवशी जुना चष्मा घातला होता, हे नवरा अजूनही शपथेवर सांगतो.

म्हणून दोन महिन्यांपूर्वी दिवस राहिल्याचं कळलं, तेव्हा धाकटीनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही आणि ताईला तर नाहीच. ताईनं लग्न केलं नव्हतं. त्यामुळे ही एकच गोष्ट अशी होती की जी ताईनं आधी केली नव्हती, ताईबरोबर वाटून घ्यायची नव्हती, आणि जिच्यावर नाव कोंबून बसवावं लागणार नव्हतं. एकच मूल. पूर्ण, सुटं, स्वतःचं. रोज सकाळी दुकान उघडताना ती मनातल्या मनात त्याच्याशी बोलायची आणि तिला फार श्रीमंत वाटायचं.

आता ती दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होती आणि नवरा तिचं कोपर असं धरून चालला होता की जणू ती काचेची आहे.

“ऐक,” ती म्हणाली. “एकसारखे कपडे नाहीत. कधीच नाहीत.”

“बरं.”

“वेगळे वर्ग. जमलं तर वेगळ्या शाळा. फोटोसुद्धा वेगवेगळे. वाढदिवस वेगळे.”

“वाढदिवस वेगळे कसे?”

“एकाचा आदल्या दिवशी करायचा.”

नवऱ्यानं यावर प्रामाणिकपणे विचार केला. “मग त्याला वाटेल की आपण फसवतोय.”

“वाटू दे. दोघांपैकी एकाला तरी आपलं असं काही असू दे.”

एवढं म्हणून ती फुटपाथवरच थांबली, कारण तिला रडू येत होतं आणि चालताचालता रडायची तिला सवय नव्हती. दोन जीव नीट आहेत, हृदयं चालली आहेत, लोक यासाठी वर्षानुवर्षं झुरतात. आणि आपण भर रस्त्यात तोंड पाडून उभ्या. तिला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून वाईट वाटायचं थांबत नव्हतं.

“ताईंना सांगून ये,” नवरा म्हणाला. “मी दुकान बघतो.”

“तू? तुला चष्म्यातलं काय कळतं?”

“बंद ठेवतो. ते जमेल.”

ताई बस डेपोत वेळापत्रकं करायची. तिची खोली दुसऱ्या मजल्यावर. एक भिंत पूर्ण तक्त्यांनी भरलेली, त्यावर मार्गामार्गाच्या रंगीत पट्ट्या. टेबलावर तीन फोन, एक पेन्सिल आणि खोडरबराचा मोठा थोरला तुकडा. खाली आवारात बस मागे घेताना कंडक्टरची शिट्टी वाजत होती. दारातल्या शिपायानं धाकटीला पाहिलं, आतल्या ताईला पाहिलं, आणि नेहमीसारखं एकदा डोळे चोळून घेतले.

“बस,” ताई म्हणाली. “चहा मागवू? नाही, तू घेत नाहीस हल्ली. लिंबूपाणी मागवते.”

धाकटी बसताबसता थांबली. “तुला माहितीये?”

“तीन महिने होत आले असतील.”

“आता हे सांगू नकोस, की तुला माझं काहीतरी आतून जाणवलं.”

“मला तुझं आतून काहीही जाणवत नाही,” ताई म्हणाली. “लोक काय वाटेल ते बोलतात. तू लागोपाठ तीनदा चहा नको म्हणालीस आणि माझ्या पावडरच्या वासानं दार उघडायला लावलंस. एवढ्यावरून शिपायालाही कळलं असतं.”

“मग बोलली का नाहीस?”

ताईनं पेन्सिल उचलून तक्त्यावरची एक पट्टी उगाचच सरळ केली. “तुझं होतं ते. तू सांगशील तेव्हा म्हटलं आश्चर्य वाटल्यासारखं करू. मी आरशात दोनदा करूनसुद्धा पाहिलं.”

“दोन आहेत,” धाकटी म्हणाली.

आरशात केलेला सराव वाया गेला. ताईनं तोंडावर हात ठेवला, खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड केलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. एक फोन वाजला. तिनं तो उचलून ‘नंतर’ एवढंच म्हणून खाली ठेवला आणि पुन्हा हसू लागली. शेवटी पदरानं डोळे पुसत वळली, तेव्हा समोर धाकटीही डोळे पुसत होती. पण ती हसत नव्हती.

“अगं,” ताई म्हणाली.

“मला एकच हवं होतं. ज्याला दुसरं नसेल असं. तुला राग येईल, पण खरं सांगते, मला जन्मभर उरलेल्या जागेत बसायचा कंटाळा आला, ताई. आता त्यांतलं एक कोणीतरी माझ्यासारखं होणार. दुसरं. आणि ते मीच करणार त्याचं. आईनं काय मुद्दाम केलं होतं?”

लिंबूपाणी आलं. शिपायानं दोन ग्लास ठेवले, कुठला कुणापुढे यात गोंधळला आणि दोन्ही मधोमध ठेवून गेला.

ताईनं एक ग्लास धाकटीपुढे सरकवला. मग म्हणाली, “आपल्याला गोवर आला होता, आठवतंय? सहा वर्षांच्या होतो.”

“तुला आधी आला.”

“दोघींना एकाच दिवशी आला. माझ्या अंगावर तुझ्याएवढेच पुरळ होते, ताप तुझ्याएवढाच. आणि पहाटे आईनं मला उठवलं, तुला औषध पाजायला. तू माझ्याच हातून घ्यायचीस म्हणे. मी उभी राहिले तर माझे पाय लटलटत होते. आई म्हणाली, तू मोठी ना.”

धाकटीनं ग्लास उचलला, पण प्यायली नाही.

“मला तेव्हा वाटलं होतं, की मोठं असलं की ताप कमी लागत असेल,” ताई म्हणाली. “खिडकी तुला, कारण मी मोठी. पडल्यावर रडायचं तू, कारण मी मोठी. तू लग्न करून गेलीस, तेव्हा आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या, आईची कुलपं, आईचे नळ, सगळं माझ्याकडे. मी कधी म्हटलं नाही, कारण मोठी माणसं म्हणत नाहीत. तुला उरलेली जागा मिळाली, खरं आहे. पण मला ती पूर्ण जागा कधी नको होती गं.”

ती उठली आणि भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभी राहिली.

“अकरा मिनिटं. इथं पंधरा मिनिटांच्या आत बस आली, तर आम्ही तिला उशीरसुद्धा धरत नाही. दोन्ही वेळेवर म्हणून लिहितो.”

आता हसायची पाळी धाकटीची होती. ती हसली, आणि हसतानाच तिला कळलं की आपल्याला जे दुखत होतं ते दोघी असल्यामुळे नव्हतं, एकीला मोठी आणि एकीला धाकटी ठरवल्यामुळे होतं. हे इतकं सोपं होतं आणि चौतीस वर्षं ध्यानात आलं नव्हतं, याचा तिला थोडा रागही आला.

“एक मागू?” ताई म्हणाली. ताईनं आजवर तिच्याकडे काही मागितल्याचं धाकटीला आठवत नव्हतं.

“माग.”

“आधी कोण आलं, ते कुणाला सांगू नकोस. डॉक्टरांनाही सांग, मोठ्यानं बोलायचं नाही. त्या पोरांना तर कधीच कळू देऊ नकोस.”

“नवऱ्याला?”

“तो बिचारा विसरेल. आईला मात्र अजिबात नाही.”

ताईचा मोबाइल टेबलावर थरथरायला लागला. आई. दोघींनी तिकडे पाहिलं. ताईचा हात सवयीनं पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग तिनं तोच हात वळवून लिंबूपाण्याचा ग्लास उचलला. फोन वाजून वाजून बंद झाला. अर्ध्या मिनिटात धाकटीच्या पर्समधला वाजू लागला.

“बोल, आई.”

“ताई फोन उचलत नाहीये. उद्या सकाळी टाकी साफ करायला माणसं येणार आहेत. कुणीतरी किल्ल्या घेऊन उभं राहायला हवं. एवढा निरोप दे तिला.”

असे निरोप धाकटीनं आजवर शेकड्यांनी पोचवले होते. तिनं ताईकडे पाहिलं. ताई ग्लासातली लिंबाची बी चमच्यानं काढत होती.

“किती वाजता येणार आहेत?” धाकटीनं विचारलं.

“आठ म्हणालेत.”

“मी साडेसातला येते. तू जिना चढू नकोस. आणि गुडघ्याच्या गोळ्या संपल्या असतील, येताना त्याही आणते.”

फोनवर दोघींचे आवाज आईला कधीच वेगळे ओळखता आले नव्हते. कोण काय बोलतं त्यावरून ती ओळखायची.

“म्हणजे तू आहेस होय,” आई म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता. “धाकटीच्या फोनवरून बोलतेयस, मला वाटलं तीच.”

चमचा ग्लासात तसाच राहिला. ताईनं मान वर केली.

“हो, मीच,” धाकटी म्हणाली. “आणखी काही काम असेल तर सांग.”