उजवं टोक

"आई, मध्येच उठून जायचं असेल तर कडेची खुर्ची घे," लेक म्हणाली.

"मी कशाला उठू? तिकीट वसूल करूनच उठेन," असं म्हणत टेलरबाई कडेच्याच खुर्चीत बसल्या.

टेलरबाई हे नाव स्टुडिओतलं. स्टुडिओ पाडला, नाव तेवढं चिकटून राहिलं. आकाशात उडणाऱ्या नायकाचा पहिला सिनेमा निघाला तेव्हा लेक नुकती बालवाडीत जाऊ लागली होती. त्या सिनेमातली निळी केप टेलरबाईंनी शिवली होती आणि ती पांघरून तारांना लोंबकळले होते लेकीचे बाबा. पडद्यावर चेहरा दिसायचा तो देखण्या नटाचा. उडताना दिसायची ती पाठ बाबांची. "तोंड त्याचं, पाठ माझी. मानेचं अजून ठरायचंय," असं ते आल्यागेल्याला ऐकवायचे.

त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली होती. घरात फोटो होते, पण सगळे समोरून, शहाण्यासारखे बसलेले. ती ऐटबाज पाठ होती फक्त त्या सिनेमात. आता त्याचा दुसरा भाग आला होता. म्हणे सगळं कॉम्प्युटरवर केलेलं, तार नाही की माणूस नाही. यात आपल्या माणसाचं काही म्हणजे काहीच उरलं नसेल, या धास्तीने टेलरबाईंनी आठवडाभर गुडघ्याचं निमित्त पुढे केलं होतं. शेवटी लेकीने ओढूनच आणलं. ती वर्तमानपत्रात सिनेमांवर लिहायची आणि संध्याकाळपर्यंत तिला लेख द्यायचा होता.

दिवे मालवले. टेलरबाईंनी सवयीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. आणि समुद्र असा उभा राहिला की त्यांचा हात आपसूक तोंडाशी गेला. काचेचं शहर, त्यातून वाहणारा जांभळा उजेड, प्रत्येक खिडकीत वेगळी सावली.

"रंग काय लावलेत गं!" त्या पुटपुटल्या.

तासाभराने मात्र त्या चुळबुळू लागल्या. मारामारी संपली की दुसरी मारामारी. पहिल्या सिनेमात नायक थकून गच्चीवर बसायचा, बूट काढून पाय चोळायचा. इथे कुणाला बसायला फुरसत नव्हती.

"हा जेवतो कधी?"

"आई, हळू."

"आणि हा काळ्या डोळ्यांचा कोण? मघाचा मेला ना?"

"हा त्याचा भाऊ. मलाही आत्ताच कळलं."

तेवढ्यात नायकाने कड्यावरून उडी घेतली. निळी केप वाऱ्यावर पसरली. सगळी पसरली, पण उजवं टोक क्षणभर मागे राहिलं आणि मग घाईघाईने वर उठलं.

टेलरबाईंनी लेकीचं मनगट घट्ट धरलं.

"काय झालं? बाहेर जायचंय?"

"गप्प. बघ समोर."

बाबांचा डावा खांदा एका जुन्या पडण्यानं उतरला होता. दिग्दर्शकाला कळलं असतं तर काम हातचं गेलं असतं. केप तर सारखी डावीकडे घसरे. तेव्हा टेलरबाईंनी कुणाला न सांगता उजव्या टोकाच्या दुमडीत शिशाच्या गोळ्या शिवून टाकल्या. केप सरळ बसली. पण उडताना ते जड टोक मागे रेंगाळायचं. बाबा हसायचे. "ते टोक म्हणजे तूच बघ. सगळी मंडळी रस्त्याला लागली, तरी तुझं आपलं कुलूप ओढून बघणं चालूच."

पडद्यावर नायक जमिनीवर उतरला, खांदे ताठ करून उभा राहिला आणि केप उजवीकडे ओघळली.

"एवढा पैसा ओतला आणि केप वाकडी," लेक कुजबुजली.

सिनेमा सुटल्यावर बाहेरच्या चहाच्या टेबलावर तिने खरडलेलं वाचून दाखवलं. "डोळ्यांचं पारणं फिटतं. समुद्राचा प्रसंग अप्रतिम. पण गोष्टीला दम खायला जागा नाही, खलनायक उपरे वाटतात. आणि केप एका बाजूला ओघळते, हा ढळढळीत निष्काळजीपणा."

टेलरबाईंनी कप खाली ठेवला आणि गोळ्यांची गोष्ट सांगितली. लेकीचा चहा निवून गेला.

"म्हणजे त्यांनी जुना सिनेमा बघून बघून..."

"बघूनच उतरवलं असणार. टोक घेतलं, खांदा मात्र दिसला नाही त्यांना. दिसू नये म्हणूनच तर शिवलं होतं मी."

लेकीचे डोळे भरून आले. "मग केपेचं खोडते मी."

"खोडू नकोस हं. सरळ खांद्यावर ती वाकडीच दिसते. खोटं कशाला लिहायचं? फक्त निष्काळजीपणा म्हणू नकोस. कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघितलंय तुझ्या बाबांना."

"मग काय म्हणू?"

"उभा राहतो तेव्हा वाकडी दिसते, म्हण. पण उडताना खरी वाटते. ते आधी लिही."

लेकीने मान खाली घालून लिहिलं. टेलरबाई पदराने चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "उद्याही दुपारचा खेळ आहे ना?"

"परत? तो काळ्या डोळ्यांचा बघायला?"

"त्याच्या वेळी डोळे मिटून घेईन. पण तिकीट मधल्या खुर्चीचं काढ बाई. कडेवरून पाठ नीट दिसत नाही."