गूळ खाल्लेल्या माझ्या माश्या

आधी ते टकटकणं बंद करा बघू! मी मधमाश्यांची पेटी आहे, शेजाऱ्याचं दार नव्हे. जर्मनीत एर्लांगेनला उल्हासच्या घरामागे, सफरचंदाच्या झाडाखाली माझा मुक्काम असतो. २००५च्या वसंतात शेजारच्या लिंडनरनी मला माश्यांसकट त्याच्या हवाली केलं. चाळीस वर्षं माश्या पाळलेला म्हातारा, पण माणसं काही ओळखता आली नाहीत त्याला.

उल्हास इंजिनियर. तीन शनिवारांचा कोर्स केला, सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. तेव्हापासून त्याला कोणी काही सांगायची सोयच उरली नाही.

सप्टेंबरात त्यानं आमचा मध काढून घेतला. त्याबदल्यात माश्यांना हिवाळ्यासाठी साखरेचा पाक द्यायचा असतो. लिंडनरनी बजावलं होतं, "फक्त पांढरी साखर. दुसरं काही नाही."

"गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, उल्हास म्हणाला.

पण तेव्हा पुण्याहून त्याची आई, मनोरमाबाई, आली होती. अर्धी बॅग कोल्हापुरी गुळाची. "अरे, पांढरी साखर म्हणजे विष! त्या मुक्या जिवांना तरी चांगलंचुंगलं दे." झालं! पातेलंभर गुळाचा पाक आला. बिचाऱ्या माश्या, मिळालं ते पोटात ढकललं.

आता ऐका, लाजू नका. माश्या हिवाळाभर आतच बसतात आणि घर घाण होऊ नये म्हणून महिनोन् महिने पोट आवरतात. गुळानं ती पोटं बिघडली. बाहेर बर्फ, जाणार कुठे? माझ्या भिंती, पोळ्यांच्या चौकटी, सगळं बरबटलं. रोज शंभर-दोनशे मरून तळाशी पडायच्या. आणि हा दर रविवारी पाहुण्यांना घेऊन यायचा, टकटक करायचा, कान लावायचा. "ऐका, कशा गुणगुणताहेत!" अरे शहाण्या, कण्हत होत्या त्या!

मार्च संपता संपता एकदाचं ऊन पडलं. लिंडनरनी माझं झाकण उचललं. आई पुन्हा आली होती, सून सुमेधाबरोबर चहा घेऊन शेजारीच उभी होती. आत राणी आणि मूठभर माश्या. लिंडनरनी नाक मुरडलं.

"काय खायला घातलं होतंस? रोग असेल तर माझ्याही माश्यांना लागेल. मग गंधकाची धुरी देऊन यांना संपवायचं आणि पेटी जाळायची."

जाळायची? मला?

"म्हणजे... यंदा थंडीच फार कडक होती," उल्हास बुटांकडे बघत म्हणाला.

असा संताप आला! 'गूळ', दोन अक्षरांचा तर शब्द. पण सर्टिफिकेटवाल्याच्या तोंडून निघेना.

"सुमेधा, काय म्हणताहेत गं ते?" आईनं विचारलं.

"आई, अहो, रोग आहे वाटतं. जाळायला सांगताहेत."

आईनं वाकून आत पाहिलं, वास घेतला. कप तिथेच गवतावर ठेवून ती घरात गेली आणि उरलेली गुळाची ढेप आणून लिंडनरांच्या हातावर ठेवली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी दिला, मी. जर्मनचा एक शब्द येत नव्हता तिला!

लिंडनरनी खडा चाखला आणि ओळखलं, रोग नाही, गूळ बाधलाय. तसेच घरी गेले आणि स्वतःच्या पेटीतली मधानं भरलेली चौकट आणून माझ्यात बसवली. आम्ही वाचलो.

आता सफरचंद फुललंय आणि पाहुणे परत यायला लागलेत. "एवढ्या कडक थंडीतनं जगवल्या मी," उल्हास सांगतो. आई पाहुण्यांना चहा देते. पण ते पांगले की ती एकटीच माझ्याजवळ येते, झाकणावर हात ठेवते आणि म्हणते, "चुकलं गं बायांनो माझं."

तुझं चुकलं तेवढं तू म्हणालीस, आई. उल्हास, आता तूही ये एकदा. पाहुण्यांना आणू नकोस, टकटक करू नकोस. आईच्या शेजारी उभा राहा आणि तेवढंच म्हण.