पक्कडमामांची खबर

पक्कडमामा नळ दुरुस्त करायचे, आणि त्यांना आयुष्यात कुणी काही गुपित म्हणून सांगितलं नव्हतं. कारण त्यांचा आवाज. मोरीत बसून ते "वायसर गेलाय" म्हणाले की खालच्या मजल्यावरची माणसं आपापले नळ तपासायची. अशा माणसाला सरकारने खबऱ्या नेमलं.

एकटे मामाच नव्हते. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फ्रिजवाले, सगळ्यांना एका सभागृहात बोलावलं होतं. एका साहेबांनी समजावून सांगितलं की पोलिसांना कुणाच्या घरात शिरायचं तर कोर्टाचा कागद लागतो, तुम्हाला मात्र लोक स्वतः फोन करून बोलावतात. तेव्हा काही वावगं दिसलं की या नंबरवर कळवायचं. तुम्ही सरकारचे डोळे आणि कान आहात, असंही ते म्हणाले. मामांची छाती फुगली. आजवर कुणी त्यांना सरकारचं कोपरसुद्धा म्हटलं नव्हतं.

मामींना हे मुळीच पटलं नाही. "लोक तुम्हाला पार बाथरूमपर्यंत नेतात," त्या म्हणाल्या, "ते तुम्ही खाली मान घालून काम करता म्हणून." मामांनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

पण महिना होत आला तरी मामांकडून एकही खबर गेली नाही. साहेबांनी फोनवर चांगलंच झापलं. त्याच दिवशी भूगोलबाईंचा फोन आला. या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. त्यांचा स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि मामा 'उद्या येतो' म्हणत आठवडेच्या आठवडे ढकलत होते. बाई वैतागून म्हणाल्या की आज तर येऊच नका, आज माझ्याकडे काही लोक जमणार आहेत. फोन ठेवून त्या वळतायत तोवर मामा दारात हजर.

लोक म्हणजे बाईंच्या तीन मैत्रिणी, आणि त्या न आलेल्या चौथीबद्दल बोलत होत्या. मामांनी वायसर बदलला, नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. कान मात्र बाहेरच्या खोलीत. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, की ही चौथी राहते कुठे? बाईंचा जन्म पोरांच्या थापा पकडण्यात गेला होता. त्यांनी मामांना समोर उभं केलं आणि नुसतं पाहिलं. मामांनी घडाघडा सगळं ओकून टाकलं, सभागृहात मिळालेल्या बिस्किटांसकट.

बाई भडकल्या. मी माझ्या घरात कुणाशी काय बोलते त्याच्याशी सरकारला काय करायचंय, हे त्यांनी मामांना असं काही सुनावलं की मामांना मान वर करता येईना. मग बाईंचं लक्ष नळाकडे गेलं. तो गळायचा थांबला होता. बाई विचारात पडल्या.

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं की संशय आला तर प्लंबर ताबडतोब येतो. फोनवर फोन सुरू झाले. कुणी माळ्यावर एक परका माणूस लपवला होता, आणि हो, फ्लशही चालत नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी कळवलं की सरकार उलथून टाकायचा त्यांचा बेत पक्का आहे, फक्त गीझर गळत असल्यामुळे अडलंय. मामा धावत होते, दुरुस्त करत होते आणि इमानेइतबारे सगळं वर कळवत होते. आजोबांची चौकशी करायला दोन शिपाई आले, तेव्हा आजोबांनी त्यांच्याकडून जुना गीझर खाली उतरवून घेतला.

आणि मग पलीकडच्या रस्त्यावरून एका अनोळखी बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "आमचे हे दार लावून कुणाशी तरी हळू आवाजात बोलत असतात. आणि बेसिन तुंबलंय."

मामा गेले. बेसिन खरोखरच तुंबलं होतं, आणि बंद खोलीतून कुजबुज खरोखरच येत होती. त्यांनी कर्तव्य म्हणून नंबर लावला. आतल्या खोलीत फोन वाजला. "बोला," असं दाराआडून ऐकू आलं आणि तेच मामांच्या कानातही.

"साहेब, इथे एक माणूस दार लावून कुजबुजतोय," मामा आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले.

दार उघडलं. बनियन आणि हाफपँटमध्ये साहेब उभे होते. त्यांच्या बायकोला इतकी वर्षं वाटत होतं की आपला नवरा हिवताप खात्यात आहे. त्यानंतर त्या बाई जे बोलल्या त्यासाठी कुणाला खबऱ्याची गरज पडली नाही.

जरा शांत झाल्यावर साहेबांनी मामांना बाजूला घेतलं. "मामा, हे बाहेर बोलू नका. घरातली गोष्ट आहे."

"सगळ्यांची घरातलीच असते, साहेब," मामा म्हणाले. बेसिनखाली वाकत त्यांनी आपलं नाव कमी करायला सांगितलं.

तशी सोयच नाही, साहेब म्हणाले. खबऱ्या मेला किंवा बहिरा झाला तरच नाव निघतं. मामांनी मरायला नकार दिला. तेव्हा साहेबांनी त्यांना बहिरं ठरवलं.

आठवड्याभरात खात्याकडून कानाचं यंत्र घरी आलं, बहिऱ्या सेवकांना मोफत. परत करणार तरी कोणत्या तोंडाने? मामींनी ते आपल्या आईच्या कानात बसवलं. सासूबाई कितीतरी वर्षं त्यांच्याकडे राहायला होत्या. त्यांना काही ऐकू येत नसे, त्यामुळे त्यांच्याबद्दल जे काही बोलायचं ते मामा त्यांच्यासमोरच बोलून घ्यायचे.

यंत्र बसवताच सासूबाई जावयाकडे वळल्या.

"काय म्हणालात?"

मामा काहीच म्हणाले नव्हते. हल्ली घरात ते फारसं काही म्हणतच नाहीत.