म्हातारे दात

"दाढा बघ, दाढा," शिकारी मंडळातला स्रेच्को म्हणाला आणि अंगणातल्या बाकावर ठेवलेल्या हरणाचा जबडा त्यानं काठीनं वर केला. "पार हिरडीपर्यंत झिजल्यात. फेर्दो, हा तर तुझ्याहून म्हातारा निघाला."

"माझे अजून शाबूत आहेत," माझा नवरा म्हणाला, "तुझ्या बायकोचा पाव खाऊनसुद्धा."

दोघं हसले, मीही हसले. हरणाच्या ओठांत स्प्रूसच्या झाडाची डहाळी होती. मारलेल्या जनावराला हा शेवटचा घास दिल्याशिवाय आम्ही ते जागचं हलवत नाही. फेर्दो खुशीत होता. शिकारी मंडळानं त्याला वरच्या रानातला एक म्हातारा नर मारायला परवानगी दिली होती. हाडं वर आलेला, पाय ओढत चालणारा असा त्यानं बरोबर हेरला. चुकून तरणा नर मारणारा माणूस आमच्या मंडळात वर्षभर मान खाली घालून बसतो.

स्रेच्को पेला रिकामा करून गेला. मुंडकं साफ करणं माझं काम. फेर्दोला तो वास सोसत नाही. मारणं बरं सोसतं.

कातडं सोडवताना डाव्या कानापाशी माझी सुरी थांबली. कान अर्धाच होता. जुनी, सरळ कापलेली, भरून आलेली जखम.

"फेर्दो, इकडे ये."

"उकळून झालं इतक्यात?"

"ये म्हणते ना."

त्यानं कान बोटांत धरला आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. दोन वर्षांपूर्वी आमच्याच कुरणात गवत कापताना यंत्राच्या पात्याखाली एक नुकतं जन्मलेलं पाडस आलं होतं. जीव वाचला, कान गेला. माणसाचा वास लागला तर आई टाकून देईल म्हणून फेर्दोनं हातात गवताच्या पेंढ्या धरून त्याला उचललं आणि रानाच्या कडेला नेऊन ठेवलं. त्या दिवशी तो जेवला नव्हता.

"कान काय, कुणाचाही तुटतो," तो म्हणाला. "दात बघ ना. आठ-नऊ वर्षांचा तरी आहे."

मी मुंडकं उकळलं, मांस काढलं आणि कवटी त्याच्यापुढे ठेवली. कवटीचे सांधे अजून नीट जुळलेलेही नव्हते. खालच्या जबड्याला एका बाजूनं अक्रोडाएवढं हाड सुजून आलेलं, आणि दात तपकिरी, खड्डे पडलेले, नुसते खुंट. डोक्यानं पोर आणि तोंडानं म्हातारा. इतकी वर्षं मुंडकी साफ करतेय, पण असलं काही मी पाहिलं नव्हतं.

"पोराला मारलं मी," फेर्दो म्हणाला. "चावताच येत नव्हतं त्याला. उपाशी होता तो." मग म्हणाला, "टोंच्का, हा काय खात असेल?"

"गवत. आपलंच."

आम्ही दोघं एकदमच उठलो आणि गोठ्यात गेलो. आमची गाय शेका वसंतापासून पाणी घोट घेऊन पीत नव्हती, जिभेनं चाटत होती. नखरे वाढलेत म्हणून मी तिला शिव्या घालायचे. फेर्दोनं तिची जीभ बाजूला धरली, मी बॅटरी मारली. कॉफीत बुडवून काढल्यासारखे दात. बोट लागताच ती कळवळली.

आत स्वयंपाकघरात आमची लेक पोलोना होती, सातव्या महिन्यातली. नवरा बोटीवर असतो, म्हणून ती कायमची आमच्याकडे राहायला आली होती. सकाळ-संध्याकाळ मीच तिच्या हातात शेकाच्या दुधाचा पेला देत होते. पी गं, पोराची हाडं मजबूत होतील.

दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. जबडा पाहिला, शेकाला पाहिलं आणि खाली दरीतल्या अॅल्युमिनियमच्या कारखान्याकडे मानेनं खूण केली. तिथली फ्लोराइड असलेली राख गवतावर बसते, वाढत्या वयात ती पोटात गेली की दात कच्चेच येतात, असं म्हणाले. त्याच कारखान्यात फेर्दोनं तीस वर्षं भट्टीवर काढली होती.

"आणि दूध?" त्यानं विचारलं.

"दुधात फारसं उतरत नाही."

"फारसं म्हणजे किती? आणि परसातली भाजी? विहीर?"

डॉक्टर हात धुवायला लागले.

दुपारी जेवताना फेर्दो पोलोनाला म्हणाला, "तू सासूकडे जा, समुद्राकाठी. पोर तिकडेच वाढव."

"बाबा, तुम्हीच बोलावलंत ना मला? आणि आता एका हरणापायी घालवताय?"

त्यानं तो जबडा आणून तिच्या ताटाशेजारी ठेवला. "दोन वर्षांचा होता हा."

पोलोना पाहत राहिली. तिचा हात पोटावर गेला. हळूच तिनं ताट बाजूला सारलं.

"मग तुम्ही दोघं कसे राहणार इथे?"

"आमचे दात येऊन झालेत," फेर्दो म्हणाला.

रविवारी ती गेली. बसच्या पायरीवर ती रडली, मी रडले. फेर्दोनं बॅग वर चढवली आणि ड्रायव्हरला गाडी हळू चालवायला सांगितलं.

संध्याकाळी शेका हंबरायला लागली. दूध पिणारं कुणी नसलं तरी गाय काही थांबत नाही, तिचं आचळ दुखतं. फेर्दो बसला आणि नेहमीसारखं निगुतीनं शेवटच्या धारेपर्यंत दूध काढलं. मग भरलेली बादली घेऊन गोठ्यामागे गेला, जमिनीत ओतली, धुतली आणि पालथी घालून ठेवली.